खालसा मुलूख आणि सुरतेची स्वारी

ज्या नगरीने १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या सोसल्या, तेथेच त्यांच्या महसूलव्यवस्थेविषयी मी बोलणार आहे. ज्या मुलखाचा वसूल थेट राजाच्या खजिन्यात जाई, त्यास 'खालसा' म्हणत. मोगल अमदानीत बराच मुलूख जहागीरदारांकडे असे आणि जहागिरी वारंवार बदलत. साहजिकच पुढच्या हंगामाची चिंता वाहणारा जहागीरदार विरळा.

महाराजांनी शक्यतो जहागिरी न देता रोख वेतन देण्याचे धोरण ठेविले. अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची पाहणी केली. सभासद बखरीनुसार पिकाचे तीन हिस्से रयतेस व दोन सरकारास मिळत. नव्या रयतेस गुराढोरांसाठी व बियाण्यासाठी दिलेली रक्कम दोन-चार वर्षांत फेडून घेत.

अशा राज्यास रोकड मिळे ती पिकातून. १६६० ते १६६३ या काळात शाएस्तेखानाच्या तळामुळे पुणे प्रांत उजाड झाला व तो झराच आटला. माझ्या मते सुरतेची पहिली स्वारी या तुटीच्या प्रकाशात पाहावी. त्याने सुरतकरांचे दुःख हलके होत नाही. मात्र तिचे एक मूळ ओसाड शेतांत होते, एवढे ध्यानी येते.