पाप कोणाचे, हे सांगणारा उपास

लेखमाला : संजीवनाची वाट – लेखांक ५

मागच्या लेखात आपण निनवे शहर पाहिले. योनाचा संदेश ऐकून राजा सिंहासनावरून उठला, गोणताट नेसून राखेत बसला, गुराढोरांनाही उपास घडला. पण राजाच्या हुकुमात आणखी एक कलम होते आणि ते वाचताना आपण घाई करतो: प्रत्येकाने आपल्या हातून होणारा जुलूम सोडून द्यावा. देवाने काय पाहिले, हे शास्त्र पुढे सांगते, तेव्हा राखेचा उल्लेखही करत नाही. लोक वाईट मार्गापासून वळले, हे देवाने पाहिले.

आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ‘देशाने पश्चात्ताप करावा’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके कोणी काय करायचे असते? याचे उत्तर मला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

ही प्युरिटन लोकांची वसाहत होती. दुष्काळ पडला, रोगाची साथ आली, युद्धात मार बसला की सरकार उपासाचा दिवस जाहीर करी. त्या दिवशी कामधंदा बंद ठेवून सारा गाव उपासनेला जमे. देवाशी आपला करार आहे, तो मोडला तर शिक्षा होईल आणि आपण वळलो तर दया होईल, यावर त्या लोकांचा पक्का विश्वास होता. अशा देवभीरू समाजाच्या हातून १६९२ मध्ये सेलम इथे भयंकर पाप घडले.

गावातल्या काही मुलींना विचित्र झटके येऊ लागले आणि त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर चेटकाचा आळ घेऊ लागल्या. गव्हर्नरांनी खास न्यायालय नेमले. ‘हिची छाया येऊन मला छळते’ एवढे मुलींनी म्हणायचे आणि न्यायालयाने तो पुरावा मानायचा. त्या वेळी आरोपी स्वतःच्या घरात असली तरी उपयोग नव्हता. रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली, मंडळीत मान असलेली बाई. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवले होते. फेरविचार करायला लावल्यावर त्याच ज्यूरीने तिला दोषी म्हटले आणि ती फासावर गेली. तिची बहीण मेरी ईस्टी हिने मरणापूर्वी न्यायालयाला अर्ज लिहिला, तो स्वतःच्या जिवासाठी नव्हता. यापुढे तरी निरपराध रक्त सांडू नये, एवढीच तिची विनवणी होती. सप्टेंबर संपेपर्यंत १९ जणांना फाशी झाली. आरोपाला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारण्यात आले. ज्यांनी खोटी कबुली दिली ते वाचले. खरे बोलून ‘मी हे केले नाही’ म्हणणारे मेले.

न्यायालय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बरखास्त झाले. पण चूक झाली, असे उघडपणे म्हणायला वसाहतीला चार वर्षे लागली. १४ जानेवारी १६९७ हा दिवस उपासासाठी ठरला. त्या जाहीरनाम्याची भाषा नीट पाहण्यासारखी आहे. सैतानाने आपल्यामध्ये घडवून आणलेली शोकांतिका, तिच्यात कोणत्याही बाजूने काही चुका झाल्या असतील तर देवाने क्षमा करावी, असा तिचा सूर होता. कोणाचे नाव त्यात नव्हते. मारले कोण गेले आणि मारले कोणी, हे कळायला मार्ग नव्हता.

त्याच दिवशी दुपारच्या उपासनेत बोस्टनच्या साउथ चर्चमध्ये जे घडले, त्यामुळे तो उपास इतिहासात राहिला. सॅम्युएल सीवॉल हा त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी एक. वय ४४, शहरातला प्रतिष्ठित माणूस. पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना त्याने त्यांच्या हाती एक कागद दिला. पाळक तो वाचू लागले तसा सीवॉल सगळ्या मंडळीदेखत उठून उभा राहिला आणि वाचन संपेपर्यंत उभाच राहिला. शेवटी त्याने मान लववली. सेलमच्या न्यायालयात जो दोष घडला, त्याचा भार आपल्या माहितीतल्या इतर कोणाहीपेक्षा आपल्यावर अधिक आहे, ती लाज आणि तो ठपका आपण स्वतःवर घेतो, अशा आशयाचे त्या कागदात लिहिले होते. त्याने माणसांची क्षमा मागितली होती आणि देवाच्या क्षमेसाठी मंडळीने प्रार्थना करावी, अशी विनंती केली होती. आपल्या पापाची शिक्षा आपल्या घरावर किंवा या भूमीवर येऊ नये, हेही त्याने मागितले होते.

या कागदामागे घरातले दुःख होते. तीनच आठवड्यांपूर्वी त्याची लहान मुलगी सारा वारली होती. दुसऱ्याच दिवशी घरात मत्तयाच्या १२व्या अध्यायाचे वाचन चालले होते. यज्ञ नको, दया हवी, याचा अर्थ कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवले नसते, असे प्रभू तिथे परूश्यांना सांगतो. ते ऐकताच सेलम डोळ्यांपुढे आले, अशी नोंद सीवॉलने रोजनिशीत केली आहे. शास्त्र त्याला आयुष्यभर पाठ होते, पण त्या दिवशी ते त्याच्याशी बोलले.

त्याच सुमारास ज्यूरीच्या १२ जणांनी सहीनिशी माफी मागितली. १७०६ मध्ये ॲन पुटनम, आरोप करणाऱ्या मुलींपैकी एक, आता तरुण बाई, स्वतःच्या मंडळीत उभी राहिली. तिच्या कबुलीजबाबात रिबेका नर्स आणि तिच्या बहिणींचा स्पष्ट उल्लेख होता. १७११ मध्ये विधिमंडळाने २२ जणांवरचा दोष रद्द केला, आणि पीडित कुटुंबांसाठी ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर झाली. पुढच्या वर्षी सेलमच्या चर्चने रिबेकाला मंडळीबाहेर टाकल्याचा ठराव पुसला. तरीही काम अर्धेच झाले. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटनने कधीच माफी मागितली नाही. आणि एलिझाबेथ जॉन्सन या बाईचे नाव निर्दोष ठरायला २०२२ साल उजाडावे लागले. त्यासाठी एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला.

उपास कोणत्या पापासाठी, हे न सांगता केला तर काय होते, ते त्याच देशात पुढे दिसले. १८६३ मध्ये यादवी युद्ध ऐन भरात असताना दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी २७ मार्चला आणि उत्तरेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ३० एप्रिलला राष्ट्रीय उपास ठेवला. एकाच देवापुढे, अवघ्या पाच आठवड्यांत. दक्षिणेतली मंडळी मनोभावे गुडघ्यांवर आली, पण ज्या गुलामगिरीसाठी ते राज्य उभे होते ती पापांच्या यादीत नव्हती. लिंकनच्या जाहीरनाम्यातही राष्ट्राचा गर्व होता, गुलामगिरीचे नाव नव्हते. ते नाव त्यांनी मार्च १८६५ च्या भाषणात घेतले, आणि दोष एकट्या दक्षिणेचा न म्हणता साऱ्या अमेरिकेचा म्हटले.

आपल्या सभांत २ इतिहास ७:१४ हे वचन वारंवार वाचले जाते. त्यातला क्रम ध्यानात घ्या: नम्र व्हा, प्रार्थना करा, देवाचे मुख शोधा, आपल्या दुष्ट मार्गांपासून वळा, मग देशाला आरोग्य. पहिल्या तीन गोष्टी रात्रभराच्या सभेत होऊ शकतात. चौथी सकाळी घरी, कचेरीत, बाजारात करावी लागते. शिवाय ही हाक देवाचे नाव लावणाऱ्या लोकांना आहे, बाहेरच्यांना नाही. नहेम्याने यरुशलेमसाठी रडताना आधी स्वतःचे आणि आपल्या बापाच्या घराण्याचे पाप कबूल केले. जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले, तेव्हा त्याच्या घराला तारण झाल्याचे प्रभूने जाहीर केले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या उपास-प्रार्थनेत ‘या देशातल्या पापांची क्षमा कर’ असे म्हणताना आपल्याच मंडळीच्या पापाचे नाव घेऊ या. प्रभुभोजनाच्या मेजाशी एकत्र बसणारे आपण सोयरीक जुळवताना अजून जात विचारतो. मंडळीचा हिशेब मागणाऱ्याला आपण भांडखोर ठरवतो. कामाला येणाऱ्या बाईचे पैसे थकवून आपण दशांश वेळेवर देतो. यातले ज्याचे जे असेल ते त्याने म्हणावे, ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जावे, आणि देणे असेल ते फेडावे. संजीवन देणे देवाच्या हाती आहे, पण ज्याचे देणे लागतो त्याचे दार आपल्यालाच ठोठावावे लागेल.

पुढील लेखांक : केडगाव, १९०५. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून उठलेली आत्मिक जागृती.