माहुल : वारा ओळखणारं गाव

चेंबूरहून आर. सी. मार्गाने दक्षिणेला निघालं की वस्ती हळूहळू मागे पडते आणि उंच भिंती सुरू होतात. मोनोरेलच्या स्थानकांची नावं वाचली तरी आपण कुठे चाललोय ते कळतं : फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम. पुढे तेलाच्या टाक्या, टँकरच्या रांगा आणि जळता वायू ओकणारी चिमणी. या सगळ्याच्या पलीकडे, खाडीला टेकून, माहुल हे कोळ्यांचं गाव आहे. वाशी नाका ओलांडला आणि पहिला वास आला. पेट्रोल पंपावर येतो तसा, पण त्याहून गोडसर आणि घशात रेंगाळणारा. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘आज कमी आहे.’

इतिहास तसा सगळ्यांना ठाऊक आहे. 1927 पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड. 1954 आणि 1955 साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, एक स्टॅनव्हॅकचा (पुढे एस्सो), एक बर्मा-शेलचा. आज तेच हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. पाठोपाठ टाटांचं औष्णिक वीज केंद्र, मग खत कारखाना. त्या काळी हे शहराबाहेरचं ओसाड टोक समजलं जाई. ओसाड म्हणणाऱ्यांना खाडीकाठचं हे गाव दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही मोजलं गेलं नव्हतं.

गावात शिरल्यावर गल्ल्या अरुंद होतात. घरांसमोर जाळी पसरलेली, एका ओट्यावर सुकट वाळत घातलेली. तिथेच एक वृद्ध कोळी काका पाग विणत बसले होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. बाजारात आता तयार पाग मिळतात, पण काकांच्या हातचा पाग मागायला खाडीपलीकडूनही माणसं येतात. मी बराच वेळ त्यांच्यासमोर बसून राहिले.

पाग शेंड्यापासून सुरू होतो. मोजक्या घरांची पहिली ओळ, मग खाली उतरताना ठरलेल्या अंतरावर एकेक जास्तीचं घर घालत जायचं, म्हणजे घेर वाढत जातो. सुताचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, डाव्या हातात बांबूची गुळगुळीत पट्टी. प्रत्येक गाठ त्या पट्टीवर बसते, म्हणून सगळी घरं सारख्या मापाची. काका पट्टीकडे पाहत नव्हते, माझ्याशी बोलत होते, आणि गाठ चुकत नव्हती. काठाला शेवटी शिशाच्या गोळ्या बसवायच्या. त्यांचं वजन सगळीकडे सारखं नसेल तर पाग हवेत नीट उघडत नाही. ‘हातानं फेकायचं, पण उघडतो वाऱ्यानं,’ ते म्हणाले. वारा अंगावर घेऊन फेकला तर पाग आपल्याच तोंडावर येतो, म्हणून आधी वारा बघायचा.

हवेबद्दलचा माझ्या मनातला प्रश्न त्यांनीच असा पुढे आणला. वारा बघणं हे त्यांचं जन्माचं काम, त्यामुळे हवेचं गणित त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. दुपारी खारा वारा सुटला की कंपन्यांचा वास ट्रॉम्बेच्या डोंगराकडे जातो. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई येतो, तो सगळं गावावर आणून सोडतो. ‘आनि वारा परला ना बाय, का वास खाली बसतो. मंग दार लावून पन उपेग नाय.’ थंडीत हे रोजचंच. हवामानशास्त्राची पुस्तकं हेच सांगतात : हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर वर निसटू शकत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि सरी हवा धुऊन काढतात. गावातल्या म्हाताऱ्यांचा खोकलाही हेच वेळापत्रक पाळतो, असं काकांच्या सुनेने सांगितलं.

आपण शहरात सकाळी मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघतो आणि आकडा हिरवा असला की निश्चिंत होतो. 2015 पासून देशभर वापरात असलेल्या या निर्देशांकात आठ घटक धरतात. त्यात बारीक धूळ, गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू, अमोनिया, ओझोन आहेत. बेंझिन नाही, टोल्युइन नाही. तेल साठवताना, टाकीत भरताना, टाकीतून उपसताना जे वाफ होऊन हवेत जातं, नेमकं तेच या हिशेबात धरलेलं नाही. बेंझिनची वार्षिक मर्यादा आपल्याकडे कायद्याने ठरलेली आहे, घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. पण ती रोजच्या त्या रंगीत आकड्यात उमटत नाही. म्हणून माहुलमध्ये मोबाइल ‘समाधानकारक’ म्हणत असताना डोळे चुरचुरू शकतात, आणि तक्रार करणारा माणूस खोटारडा ठरतो. मला या गावातली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट हीच वाटली. पिढ्यान् पिढ्या नाकाने ठेवलेली नोंद आहे, पण तिला किंमत नाही.

ती नोंद कागदावर यायला कोर्टाची पायरी चढावी लागली. केईएम रुग्णालयाने 2013 मध्ये इथे केलेल्या पाहणीत 67 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचं सांगितलं. माहुल आणि अंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. हवा खराब असल्याचं लवादाने 2015 मध्ये मान्य केलं, आणि ऑगस्ट 2020 मध्ये दोन्ही तेल कंपन्यांसह चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. कोळीवाड्यातल्या साध्या माणसांनी हे करून दाखवलं, याचा मुंबईने अभिमान बाळगायला हवा होता.

आणि हवा खराब आहे हे माहीत असूनही महापालिकेने तिथेच हजारो माणसं आणून ठेवली. गावालगत 72 इमारती, 17 हजारांहून अधिक घरं. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तुटल्या, तिथल्या लोकांना 2017 नंतर इथल्या चाव्या मिळाल्या. त्यांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं, आणि एप्रिल 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना 15 हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. इमारतींच्या मधली गल्ली इतकी चिंचोळी आहे की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लागतो. पाइपलाइनजवळून आलेल्या एक बाई जिन्यात भेटल्या. ‘कोळी लोक इथलेच, त्यांच्याभोवती कंपनी आली. आम्हाला मात्र कंपनीजवळ आणलं,’ त्या म्हणाल्या.

खाडी अजून सुंदर आहे, हे लिहायलाच हवं. ओहोटीला शिवडीपर्यंत चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा उतरतो. लोक कॅमेरे घेऊन येतात, फोटो काढतात, जातात. काकांना आठवतात ती काठावरची कालवं, चिंबोऱ्या, निवट्या. पूर्वी पागात एका फेकीला घरापुरती बोय मिळे. आता कधी कधी मासळीलाच तेलाचा वास येतो आणि गिऱ्हाईक पाटी हुंगून पुढे जातं. सुकट वाळवतानाही वाऱ्याची दिशा बघावी लागते.

तरी कंपन्या जाव्यात, असं काका म्हणाले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा तिथेच कंत्राटावर कामाला आहे, नातवाची फी त्यावर चालते. कारखाने देशाला लागतात, तेही त्यांना मान्य आहे. त्यांचं मागणं एवढंच की गावच्या चौकात एक फलक असावा, आज हवेत काय आहे आणि किती आहे ते मराठीत सांगणारा. गावात फिरताना मला तसा फलक कुठे दिसला नाही. आणि रात्री दोनला वास असह्य झाला की फोन उचलून कुठल्या टाकीतून काय सुटलंय ते सांगणारं कुणीतरी असावं. ‘आमाला समजलं तर पोरांना घेऊन कुठं जायचं त्ये तरी ठरवता येईल,’ ते म्हणाले, आणि पुढची गाठ पट्टीवर घेतली.