क्ष-किरणांच्या खोलींतील माणसें



इ. स. २०२१ च्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. करोनाची दुसरी लाट ऐन भरांत होती. मला चार दिवस ताप येत होता, म्हणून डॉक्टरांनीं छातीचा सीटी स्कॅन करून आणावयास सांगितलें. तपासणीच्या जागीं पोंचलों, तों दारापासून रस्त्यापर्यंत रांग. तीन तासांनीं माझी पाळी आली. नखशिखांत पांढऱ्या वेषांत गुरफटलेला एक तरुण म्हणाला, "झोपा. हात वर. श्वास रोखा." मीं कांहीं विचारूं लागतांच तो खेकसला, "आजोबा, मागें तीस माणसें खोळंबलीं आहेत!" उभा जन्म मास्तरकींत घालविलेल्या मला त्या उद्धटपणाचा फार राग आला.

सहा महिन्यांनीं तोच तरुण माझ्या घरीं आला. पायां पडून म्हणाला, "गुरुजी, मीं त्या दिवशीं तुम्हांला ओळखलें होतें. पण ओळख दाखविण्याइतकेंहि त्राण उरलें नव्हतें." तो माझा जुना विद्यार्थी होता. आजचें माझें भाषण त्याच्या त्या एका वाक्याचा उलगडा करण्याकरितां आहे.

रुग्णालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें डॉक्टर आणि परिचारिका उभ्या राहतात. क्ष-किरणांच्या खोलींतील तंत्रज्ञ आपणांस आठवत नाहीं. प्रोफेसर राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें या किरणांचा शोध लागला. हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडन येथें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें. शोधकांचीं नांवें आपण पाठ केलीं. पण तीं यंत्रें रात्रंदिवस चालविणारे हात कोणाचे, हें आपण विचारलें नाहीं.

करोना हा मुख्यतः फुफ्फुसांवर घाला घालणारा रोग. नाकांतील स्रावाच्या तपासणीचा निकाल यावयास वेळ लागे. सीटी स्कॅनवर मात्र काळ्या दिसणाऱ्या निरोगी फुफ्फुसांत पांढुरके ढग तत्काळ दिसत. म्हणून फेब्रुवारी २०२० मध्यें चीनच्या हुबेई प्रांतांत अशा चित्रांच्या आधारें केलेलें निदानहि रुग्णसंख्येंत धरूं लागले, आणि एका दिवसांत ती संख्या सुमारें १५,००० नें वाढली. आपल्याकडे २०२१ मध्यें "स्कोअर किती?" हा घरोघरींचा प्रश्न झाला. फुफ्फुसांचे पांच खंड, प्रत्येकास पांचपर्यंत गुण, असा हा पंचवीस गुणांचा हिशेब. परीक्षेंत गुण वाढले तर पेढे वाटतात. येथें वाढले कीं घरांत रडारड होई.

आतां या कामाचा ताण कसा असतो तें पाहूं. साथीच्या रुग्णाचें चित्र घेतल्यावर यंत्र पुसून काढावयाचें, खोलींतील हवा पालटूं द्यावयाची, मगच पुढचा रुग्ण आंत घ्यावयाचा. अत्यवस्थ रुग्णासाठीं फिरतें यंत्र खाटेपाशीं न्यावें लागे. शक्य असेल तेथें हें काम जोडीनें करीत. एकानें रुग्णास स्पर्श करावयाचा, दुसऱ्यानें केवळ यंत्रास. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तर हातभर अंतरावर बसल्याखेरीज गत्यंतर नव्हतें. हें सारें त्या बंद पोशाखांत, घामानें निथळत. अनेक देशांत अशा कामगारांची विचारपूस करण्यांत आली, तेव्हां संसर्गाचें भय आणि तो घरच्या माणसांना आपल्यामुळें होईल ही चिंता पुनःपुन्हां बोलून दाखविली गेली.

परंतु माझ्या विद्यार्थ्यानें सांगितलेलें दुःख निराळेंच होतें. निदान सांगण्याचा अधिकार तंत्रज्ञाला नसतो. तें काम क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांचें. पडद्यावरील चित्र मात्र प्रथम दिसतें तें तंत्रज्ञाला. "गुरुजी, आपल्या पायांनीं चालत आलेल्या तिशींतल्या माणसाचीं दोन्ही फुफ्फुसें पांढरीं दिसत. तो उठून विचारी, 'सगळें ठीक आहे ना?' मीं म्हणें, 'रिपोर्ट संध्याकाळीं मिळेल.' असें दिवसांतून साठ वेळां. पुढें पुढें मीं त्यांच्या तोंडाकडे पाहणेंच सोडून दिलें."

या अवस्थेला इंग्रजींत बर्नआउट असें नांव आहे. न्यू यॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं तिचें वर्णन केलें. पुढें १९८१ मध्यें क्रिस्टिना मास्लॅक व सुझन जॅक्सन या विदुषींनीं तिचें मोजमाप बसविलें आणि तिचीं तीन अंगें सांगितलीं: मनाचा पार शीण, समोरच्या माणसाविषयीं कोरडेपणा आणि आपल्या हातून कांहींच भलें होत नाहीं अशी भावना. तेल संपलेल्या समईंत वातच जळूं लागते, तसें हें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या वर्गीकरणांत हा रोग मानलेला नाहीं. कामाच्या जागीं दीर्घकाळ सांचलेल्या व न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष कामाच्या रचनेंत असेल, तर केवळ माणसाला औषध देऊन भागणार नाहीं.

या धंद्यानें किरणांचा धोकाहि असाच उशिरां ओळखला. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्यें किरणांच्या अतिरेकानें मेला. अशा दीडशेहून अधिक हुतात्म्यांचें स्मारक १९३६ सालीं हॅम्बुर्ग येथें उभारलें गेलें. आज आपल्या देशांत या खोलींत काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. दर तीन महिन्यांनीं तो तपासतात, आणि पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरलेली आहे. थकव्याला मात्र असा बिल्ला नाहीं. म्हणून तो माणसांनींच एकमेकांचा ओळखला पाहिजे. पाळ्यांची न्याय्य वांटणी, सक्तीची विश्रांति, पुरेसे सहकारी आणि मन मोकळें करावयास एक वडील माणूस, या गोष्टी चालकांनीं पुरवावयाच्या. आपणांसहि कांहीं करतां येईल. डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून हौसेनें स्कॅन करूं नये. सौम्य आजारांत स्कॅन नको, असा इशारा दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनींहि मे २०२१ मध्यें दिला होता.

तो विद्यार्थी त्या दिवशीं नोकरी सोडण्याविषयीं सल्ला विचारावयास आला होता. मीं संवयीप्रमाणें कर्तव्यावर प्रवचन सुरू केलें. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, कर्तव्य केलें म्हणूनच तर असा झालों." मीं गप्प झालों आणि दोन तास त्याचें ऐकत बसलों. त्यानें तें ठिकाण सोडलें, धंदा सोडला नाहीं; आज तो एका लहान रुग्णालयांत आहे. तेथें रात्रपाळी आळीपाळीनें असते.

करोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं संपल्याचें जाहीर झालें. तुम्ही पुन्हां कधीं त्या थंड खोलींत जाल, आणि आंतला माणूस तुटकपणें बोलेल, तर रागावण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारा, "बाबा रे, आज सकाळपासून कांहीं खाल्लेंस का?" त्या दिवशीं मला हें सुचलें नाहीं, याची खंत अजून वाटते.