थांब्यांचा वेळ धरलास का?

‘पाच मिनिटांत निघतेय!’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलते याचा हिशोब ठेवला, तर एखादा रेकॉर्ड नक्की माझ्या नावावर जमा होईल. तुमचंही असंच असेल, खरं ना? पाच मिनिटांत मेल टाकतो, दहा मिनिटांत फोन करते, अर्ध्या तासात प्रेझेण्टेशन संपवतो... आणि मग रात्री साडेनऊला ऑफिसच्या रिकाम्या फ्लोअरवर मशीनची कॉफी पीत बसायचं. वर कुणी विचारलं तर उत्तर तयार – ‘वेळच मिळत नाही रे!’

मीही असंच म्हणायचे. बाबांच्या निरोप समारंभापर्यंत.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. रिटायरमेंटच्या दिवशी संध्याकाळी पाचला डेपोत छोटासा कार्यक्रम होता आणि मुलगी म्हणून मला दोन शब्द बोलायचे होते. त्या दुपारी मी लोअर परळला एका क्लायंटकडे. मीटिंग सव्वातीनला संपली. कल्याणला पोचायला सव्वा तास, म्हणजे आरामात पोचू, असा माझा हिशोब. म्हटलं, दहा मिनिटांत एक मेल टाकू आणि निघू.

त्या मेलने पस्तीस मिनिटं खाल्ली. मग करी रोडपर्यंत चालत जाणं, तिथून स्लोने दादर, दादरला पहिल्या फास्टमध्ये पाय ठेवायलाही जागा नाही, आणि कल्याणला उतरल्यावर रिक्षाची ही मोठी रांग. डेपोत शिरले तेव्हा सहा वाजून गेले होते. दोन पोरं खुर्च्या एकावर एक रचत होती. बाबा शाल-श्रीफळ घेऊन एका कोपऱ्यात उभे होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं! ते फक्त म्हणाले, ‘पोचलीस? भूक लागली असेल.’ आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेली वेफर्स-पेढ्याची डिश पुढे केली.

रात्री जेवताना त्यांनी शांतपणे विचारलं, ‘वेळ कसा धरला होतास?’ मी सांगितलं. बाबा हसले. ‘गाडी धावते तेवढाच वेळ धरलास. थांबे कुठे धरलेस? असं वेळापत्रक लावलं तर पहिल्याच फेरीला कोसळतं.’

अंदाज अपना अपना

बाबांनी सांगितलं ते मानसशास्त्रज्ञांनीही मांडून ठेवलंय. डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या जोडीने १९७९ मध्ये त्याला नाव दिलं, ‘प्लॅनिंग फॅलसी’. म्हणजे काय, तर एखादं काम किती वेळात होईल हे ठरवताना आपण सगळं सुरळीत पार पडेल असंच चित्र डोळ्यांसमोर आणतो. मागच्या वेळी काय झालं होतं, ते सोयीस्करपणे विसरतो. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५! थोडक्यात काय, मंडळी, आपण एकटे नाही.

एक वही, दोन रकाने

दुसऱ्या दिवशी मी साधी दोनशेपानी वही घेतली. डाव्या रकान्यात ‘वाटलं’, उजव्या रकान्यात ‘लागलं’. आठवडाभर प्रत्येक काम लिहिलं. मेलची उत्तरं : वाटलं १५ मिनिटं, लागली ५०. घर ते स्टेशन : वाटलं १०, लागली १८. लेख तपासणं : वाटलं एक तास, लागला एक तास चाळीस मिनिटं. आठवडा संपला तेव्हा मला दिवसाचे तास कमी पडत नव्हते, माझे अंदाजच चुकत होते, हे लख्ख दिसलं.

त्यातून तीन सवयी लागल्या. तुम्हीही ट्राय करून बघा.

दीडपट धरा. मनात येईल तो वेळ दीडपट करूनच समोरच्याला सांगा. ‘चारपर्यंत देते’ म्हणून सहाला देण्यापेक्षा ‘सहापर्यंत देते’ म्हणून पावणेसहाला दिलेलं बॉसला जास्त आवडतं. मात्र तिप्पट धरू नका! हातात असेल तेवढा वेळ काम पसरत जातं, हे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्येच ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून ठेवलंय.

रात्रीची दहा मिनिटं. उद्याचे कपडे, चार्जर, पास, किल्ल्या सगळं दाराजवळच्या एकाच जागी. आणि उद्याची फक्त तीन महत्त्वाची कामं कागदावर. सकाळी चावी शोधणं हाही थांबाच असतो, बरं का!

टोमॅटोचं घड्याळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने अभ्यासासाठी किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावला. त्यातून आली ‘पोमोदोरो’ पद्धत : २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. त्या २५ मिनिटांत माझा मोबाइल दुसऱ्या खोलीत असतो. व्हॉट्सअ‍ॅप कुठे पळून जात नाही, हा स्वानुभव.

एवढं करूनही मी काही घड्याळाच्या काट्यावर चालणारी बाई झालेले नाही. अजूनही आठवड्यातून एखादा दिवस गडबडतोच. पण ‘पाच मिनिटांत’ म्हणताना आता जीभ अडखळते. त्या संध्याकाळी जे दोन शब्द बोलायचे होते, ते डेपोत बोलायची संधी पुन्हा येणार नाही. ते काही कुठल्या वहीत भरून निघत नाही.

मागच्या रविवारी बाबांना नाटकाला घेऊन जायचं ठरवलं. कल्याण स्टेशनवर साडेतीनला भेटायचं होतं. सगळे थांबे धरून मी तीन वाजून दहा मिनिटांनीच हजर! विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहिलं, तर बाकावर बाबा. पेपर अर्धा वाचून झालेला.

काही माणसांना हरवता येत नाही. पण त्यांच्या शेजारी वीस मिनिटं निवांत बसता येतं, आणि राहिलेले दोन शब्द बोलता येतात.