चौकटीत लिहिलेला आकडा

पडद्यावरील दोन चौकटींत मुद्दल ५०० आणि व्याज ५० असे इंग्रजी आकड्यांत लिहून ‘बेरीज करा’ हे बटण दाबावे आणि ५५० या अपेक्षित उत्तराऐवजी ५००५० ही विलक्षण रक्कम समोर उभी राहावी, हा अनुभव जावास्क्रिप्ट शिकू लागलेल्या पुष्कळांस आरंभीच येतो. यंत्राची गणनाशक्ती येथे यत्किंचितही ढळलेली नसते. चौकटीतील मजकूर ब्राउझर अक्षरमाला म्हणूनच दाखल करून घेतो, आणि ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत रचलेल्या या भाषेत अधिकचे चिन्ह संख्यांची बेरीज करते, तसेच अक्षरमाला एकमेकींस जोडूनही देते. वजाचे चिन्ह अक्षरांना लागूच पडत नसल्यामुळे तीच अक्षरे तेथे निमूटपणे संख्या होतात आणि ४५० हे बिनचूक उत्तर मिळते.

बटणाचे काम त्याहून सरळ आहे. दप्तरी नोंदलेल्या पक्षकारास पुकारा होताच हजर व्हावे लागते, त्याप्रमाणे ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ने नोंदवलेले फंक्शन बटण दाबताच, दर खेपेस, कामास लागते. चौकट मात्र त्या फंक्शनच्या आतच वाचावी. पान उघडतानाच वाचून ठेवल्यास ती रिकामी असते, आणि रिकाम्या मजकुराचे, अक्षरमालेची संख्या करून देणाऱ्या ‘नंबर’ या फंक्शनने, रूपांतर केले असता इशारा न मिळता शून्य मिळते. कोरी चौकट आणि शून्य रुपये यांत हिशेबाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे! म्हणून आधी चौकशी, मग रूपांतर.

दीड लाख ही रक्कम आपल्या रिवाजाप्रमाणे १,५०,००० अशी लिहिली, तर ‘नंबर’ ती साफ नाकारून ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे कळवते. मजकुरातून पूर्णांक वाचणारे ‘पार्सइंट’ हे फंक्शन पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून तिचा एक रुपया करते. हा उदारपणा मला अधिक घातक वाटतो, कारण नकार डोळ्यांस दिसतो, चुकीचा आकडा हिशेबात मिसळून जातो.

देवनागरी अंकांची तर या भाषेच्या दरबारी दादच लागत नाही. ते लिहिताच ‘नॅन’ हेच उत्तर. उपाय मात्र सोपा आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ असे सलग असल्याने प्रत्येकातून २४०६ वजा केले की मूळ अंक हाती येतो. मराठी माणसांसाठी अर्जाचे पान रचणाऱ्या प्रत्येकाने मजकुराची साधी चौकट घेऊन ही तजवीज अवश्य करावी.