भिंतीतल्या सांडपाण्याच्या पाईपची गळती आणि घरातला खोकला

औषध घेतलं की खोकला चार दिवस थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि गावी गेल्यावर मात्र काहीच त्रास होत नाही. असं होत असेल तर बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत तपासा. रंगाचे पोपडे, कुबट वास, काळे ठिपके दिसले तर आत पाईपचा जोड गळत असू शकतो. ओलीवर वाढणाऱ्या बुरशीमुळे दमा आणि ॲलर्जीची सर्दी बळावते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

दुसरा धोका पिण्याच्या पाण्याचा. नळाची लाईन त्याच भिंतीत असेल, तिलाही चीर असेल, तर पाणी बंद झाल्यावर दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. कावीळ (हेपॅटायटिस ए, ई) आणि टायफॉइड असेच पसरतात. गरोदरपणात हेपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. शंका असेपर्यंत पाणी उकळूनच प्या.

गळती टाळण्याची खरी वेळ म्हणजे टाईल्स लावण्याआधीची. पीव्हीसी पाईपची टोकं पुसून कोरडी करून दोन्ही बाजूंना सोल्व्हंट सिमेंट लावायला सांगा. जोड सुकायला एक दिवस द्या. मग खालचं तोंड बंद करून पाईपमध्ये पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर गिलावा करू देऊ नका. प्लंबर घाई करतो, तुम्ही करू नका. पाईपला उतार आणि क्लॅम्प हवेतच. लोंबकळणारा पाईप जोडावरच ताण देतो. जोड कुठे आहेत याचे फोटोही काढून ठेवा.

वापरात असलेल्या घरात उकळतं पाणी मोरीत ओतू नका, त्याने पीव्हीसी मऊ पडतं. ॲसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुफ्फुसांना इजा करतो.

ओलीवर नुसता रंग मारून काही साधत नाही. आधी गळती बंद, मग भिंत सुकवणं, मग रंग. दमा असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी बुरशी स्वतः खरवडू नये.

बोलताना धाप लागत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर प्लंबरच्या आधी डॉक्टरांना गाठा.