कर्जदाराची बाजू घेणारा वकील

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथली कार्तिकातील यात्रा संपते न संपते तोच आसपासच्या शिवारात कापसाची वेचणी जोर धरते आणि वेचणीचा पैसा हाती पडण्याआधीच त्याचे वाटेकरी दारात उभे राहतात. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचा हप्ता, गावातल्या सावकाराचे व्याज, पोरीच्या लग्नासाठी घेतलेली उसनवारी. पीक साधले तर निभावते. साधले नाही, की हा माणूस कधीतरी अमरावतीच्या न्यायालयाच्या आवारात हातात नोटीस घेऊन वकील शोधत फिरताना दिसतो.

पाश्चात्त्य देशांत केवळ दिवाळखोरीची प्रकरणे चालवणारे वकील असतात. एकट्याने कार्यालय थाटून वर्षानुवर्षे तेवढेच काम करणारेही पुष्कळ. आपल्याकडे सकाळी वाटणीचा दावा आणि दुपारी जामीनअर्ज चालवणारा तालुक्याचा वकीलच मधल्या वेळेत कर्जदाराचेही कागद पाहतो. याला एक कारण आपल्या भाषेतही आहे. ‘दिवाळे काढले’ हा शब्दप्रयोग आपण शिवीसारखा वापरतो. कायद्याच्या भाषेत मात्र ‘नादारी’ म्हणजे फेडण्याची ऐपत संपली असल्याची प्रामाणिक कबुली आणि त्या कबुलीच्या बदल्यात मिळणारे संरक्षण.

कर्जदाराची बाजू घेणे हेच आपले काम मानणारा एक बॅरिस्टर मात्र याच मातीने दिला होता. पंजाबराव देशमुखांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकून, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते परतले व अमरावतीत वकिली करू लागले. एवढ्या शिदोरीवर मुंबई-नागपूरच्या वरिष्ठ न्यायालयांत सुखाने जम बसवता आला असता. त्यांनी वऱ्हाड निवडला, १९२७ मध्ये शेतकरी संघाच्या कामाला हात घातला आणि १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले.

तो काळ जागतिक मंदीचा होता. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले होते. चढ्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज उतरत्या भावाने फेडायचे, म्हणजे तेवढ्याच रुपयांसाठी कितीतरी अधिक कापूस मोजायचा. न्यायालयात जाऊन उपयोग नव्हता, कारण सावकाराचा कागद पक्का असे आणि हुकूमनामा त्याच्याच बाजूने होई. पंजाबरावांच्या पाठपुराव्याने १९३३ मध्ये संमत झालेल्या कर्ज लवाद कायद्याने वेगळी वाट काढली. कर्जदार आणि त्याचे सारे धनको एका मंडळासमोर बसवायचे, एकूण देणे आणि एकूण ऐपत यांचा हिशेब मांडायचा आणि झेपेल अशा हप्त्यांवर समेट घडवायचा. त्यापाठोपाठ १९३९ मध्ये ऋणनिवारणाचा आणखी एक कायदा या प्रांतात झाला. सावकारी त्यामुळे संपली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कर्ज हा दोन खाजगी माणसांमधला व्यवहार न मानता, सर्व देणी एकत्र मांडून सोडवायचा प्रश्न मानणे, ही दृष्टी महत्त्वाची होती. नादारीचा चांगला वकील आजही नेमके हेच करतो.

यातली विसंगती अशी, की आज कौंडण्यपूरच्या एखाद्या दुकानदाराला स्वतःहून नादारीचा अर्ज करायचा झाला, तर तो करावा लागतो १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली. २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली, तिची चर्चाही भरपूर झाली. कंपन्यांसाठी ती लागू झाली. व्यक्तींविषयीचा भाग मात्र डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला. सामान्य माणसासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा उरला. त्यातली रक्कम तरी पाहा. देणे पाचशे रुपयांचे असले तरी अर्ज करता येतो. नादार ठरलेल्याने मुक्तता मिळण्यापूर्वी ती गोष्ट न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो!

या जुन्या कायद्याची रचना समजण्यास अवघड नाही. अर्जदार जिल्हा न्यायालयापुढे आपली सर्व देणी आणि सर्व मालमत्ता जाहीर करतो. न्यायालयाने त्याला नादार ठरवले, की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. धनकोंनी आपापली वसुली सुटी सुटी करण्याला आळा बसतो आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. मालमत्ता विकून आलेला पैसा प्रमाणात वाटला जातो. पुढे न्यायालयाने मुक्तता दिली, की उरलेल्या बहुतेक देण्यांतून माणूस सुटतो. ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सरकारी देणे, फसवणुकीतून उद्भवलेले देणे आणि पोटगी यांतून सुटका नाही. गहाण ठेवलेल्या मालमत्तेवरचा धनकोचा हक्कही अबाधित राहतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या नावे केलेले शेत न्यायालय परत ओढू शकते. मालमत्ता लपवणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा आहे.

म्हणूनच जाणता वकील पहिल्या भेटीत वकीलपत्रावर सही घेण्याची घाई करत नाही. आधी तो वही मागतो. कोणाचे किती, कधीचे, कागद कोणता, जामीनदार कोण, गहाण काय? पक्षकार निम्मी देणी सांगतो आणि निम्मी लाजेने गिळतो. नातेवाइकांची उसनवारी तर हमखास शेवटी निघते. ही यादी पुरी झाल्यावर अनेकदा दिसते, की अर्जाची गरजच नाही. एखादे येणे मुदतबाह्य झालेले असते. साध्या हातउसन्याच्या वसुलीला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. ती संपत आली की सावकार ‘नुसती सही कर’ म्हणत नवी कबुली लिहून घेतो आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशी सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे, एवढे एक पथ्य पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

दुसरा प्रश्न व्याजाचा. मुद्दलापेक्षा व्याज अधिक घेता येत नाही हा दामदुपटीचा जुना नियम वऱ्हाडाला नवा नाही, आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही तो आहे. वऱ्हाडात कर्जाचे तारण म्हणून गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची चाल आहे. कागदावर शेत विकलेले असते, दोघांच्या मनात मात्र ते गहाण असते. परवाना नसलेल्या सावकाराने असे शेत बळकावले असेल, तर त्याच कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ते परत मागता येते. दिवाणी दाव्याच्या तुलनेत ही वाट जवळची आहे. सरकारी कर्जमाफीचा भर बहुतांशी बँका आणि सोसायट्यांच्या कर्जावर राहिला असल्याने, सावकाराच्या कर्जाबाबत हे कलम अधिक मोलाचे ठरते.

तिसरा प्रश्न भीतीचा, आणि तोच सर्वांत अवघड. ‘तुरुंगात टाकीन’, ‘घरावर नांगर फिरवीन’ या धमक्यांनी माणूस खचतो. वास्तविक, केवळ फेडता येत नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून बुडवणाऱ्यासाठी ती तरतूद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात स्पष्ट केले. तो निकाल न्या. कृष्ण अय्यर यांचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. जप्तीलाही मर्यादा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याची अवजारे, कसण्यासाठी आवश्यक गुरे व बियाणे, तो स्वतः राहत असलेले घर, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रिवाजाने जे अंगावेगळे करता येत नाहीत असे स्त्रीचे दागिने जप्त होत नाहीत. नोकरदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. अर्थात, घर किंवा शेत आपणच गहाण टाकले असेल, तर हे कवच त्याला लागू होत नाही.

कर्ता पुरुष गेल्यानंतर घराची जी अवस्था होते, ती वऱ्हाडाने गेल्या काही दशकांत फार पाहिली आहे. तेराव्याच्या आतच वसुलीची माणसे येऊ लागतात आणि ‘आता तू फेड’ असे विधवेला सांगितले जाते. कायदा तसे म्हणत नाही. मृताचे देणे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतूनच फेडायचे असते. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्याच्या स्वतःच्या कमाईपर्यंत ती पोहोचत नाही. बापाचे ऋण मुलाने धर्म म्हणून फेडलेच पाहिजे, हा जुना दंडकही २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरता रद्द झाला आहे. फक्त त्या बाईने स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली नसावी. ती होती की नाही, हे तिलाही अनेकदा माहीत नसते, म्हणून कर्जाच्या कागदांच्या नकला आधी मागवाव्या लागतात. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो.